चार गोळ्या, दोन गुडघे आणि एक वजनकाटा

धडधाकट माणसाने वजन उतरवायचे मनावर घेतले तर ती हौस. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि झिजलेले गुडघे असा भरला संसार सांभाळून जो हे करू पाहतो, त्याला साधक म्हणावे. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. साधकाचे वय साठीच्या आसपास, वजन ८४ किलो, आणि उशाशी सात कप्प्यांची गोळ्यांची डबी, जिच्यात मंगळवार नेहमी शिल्लक राहतो.

आरंभ वजनकाट्याने करावा. दिवसातून चार वेळा त्यावर उभे राहावे, त्यातले एकदा चष्मा काढून. मग आकडा वाचायला बायकोला, म्हणजे काकूंना, हाक मारावी. अंगातले पाणी, आदल्या रात्रीचे लोणचे आणि पोटातले जेवण यांनी काटा किलो-दीड किलो सहज खालीवर होतो. एक किलो चरबी जायची तर सुमारे ७,७०० कॅलरींचा हिशेब लागतो, म्हणजे ती एका रात्रीत गेलेली नसते. तरी काटा उतरलेल्या दिवशी पेढे आणावेत. शिवणाच्या डब्यातली टेप मात्र बाहेर काढू नये. आपल्याकडच्या माणसांत कंबरेचा घेर पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत असावा असे मानतात, आणि ही टेप कुणाची भीडभाड ठेवत नाही.

उरलेसुरले खापर थायरॉइडवर फोडावे. मंदावलेल्या थायरॉइडने वजन वाढते हे खरे, पण ते बहुधा थोड्याच किलोंचे असते आणि त्यातही पाण्या-मिठाचा वाटा मोठा. वरचे वीस किलो कुठून आले, हे विचारणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ नये. उपाशीपोटी घेऊन अर्धा-एक तास थांबायची ती गोळी साधक चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गिळतो आणि गुण येत नाही म्हणून कंपनी बदलून मागतो.

आता आहार. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचवलेली पद्धत सांगते की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगतात की घरचा तूपभात बिनधास्त खा. साधकाने कुणाचाही अपमान करू नये. एकीकडची ५५ मिनिटे घ्यावीत, दुसरीकडचे तूप घ्यावे, आणि ती ५५ मिनिटे सत्कारणी लावावीत.

उपासाचे प्रकार दोन. पहिला ‘एकादशी दुप्पट खाशी’ हा परंपरागत. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप घातले की पुण्य आणि साखर एकदमच चढतात. या प्रकारात निदान कुणी चक्कर येऊन पडत नाही.

दुसरा प्रकार कडक. आषाढी एकादशीला साधकाने फक्त पाण्यावर राहायचे ठरवले, पण ‘गोळी चुकवू नका’ हे वाक्य पाठ असल्याने सकाळची ग्लिमेपिराइड नेमाने घेतली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. ताटात काय आहे, मुळात ताट आहे का, याची चौकशी ती करत नाही. साडेअकराच्या सुमारास साधकाचे हात थरथरू लागले, बनियन घामाने भिजले आणि पेपरातली अक्षरे नाचू लागली. “अहो, असे काय बघताय?” काकूंनी विचारले, तर उत्तरादाखल तो त्यांच्यावरच खेकसला. बोटाला सुई टोचली, यंत्रावर ५४. सत्तरच्या खाली आकडा आला की तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे काकूंना ठाऊक होते. साधकाला पंधरा मिनिटे धीर निघाला नाही. त्याने साखरपाण्यावर दोन वाट्या खिचडी चढवली आणि संध्याकाळी २४० गाठले. एकाच दिवशी दोन्ही टोके, शिवाय विठ्ठल उपाशी.

हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीचा दाखला साधकाच्या व्हॉट्सॲपवर वर्षातून चारदा येतो: सुरुवातीचे काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींच्या आहारावर राहून वर्षभरात जवळपास निम्म्या, म्हणजे ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आला. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेली ही गोष्ट खरी आहे. फॉरवर्ड करताना गळते ते एवढेच की त्या लोकांचे निदान सहा वर्षांच्या आतले होते, कुणी इन्शुलिनवर नव्हते, आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या. आधी गोळ्यांचा हिशेब, मग ताटाचा.

ताटाचा हिशेब करायचाच झाला तर भाकरीचे तुकडे मोजत बसण्यापेक्षा ओट्याखालचा तेलाचा डबा पाहावा. घरात माणसे तीन, महिन्याला डबा पाच लिटरचा. त्यात जवळजवळ ४१,००० कॅलरी असतात. तिघांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज साडेचारशे, तेही भूक भागल्याचे श्रेय न घेता. साधकाने मात्र चहातली साखर सोडावी, सगळ्यांना सांगत सुटावे आणि फोडणीबद्दल अवाक्षर काढू नये.

व्यायामासाठी ट्रेडमिल घ्यावी. पावसाळ्यात तिच्यावर दोन चादरी आणि चार पंचे सहज वाळतात. रोज दहा हजार पावलांचा नेम धरावा. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला, हे गुडघ्यांना कळू देऊ नये. सकाळी अर्धा तास चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्चाव्यात आणि बागेच्या फाटकाशी तीनशेच्या घरातला वडापाव खाऊन मंडळीत वजनाच्या चिवटपणावर चर्चा करावी.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलेले व्यायाम इतके साधे आहेत की त्यांना व्यायाम म्हणायची लाज वाटते. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, दहा मोजायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची. हात न टेकता खुर्चीतून उठायचे, बसायचे. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दोन डंबेल्स. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी फिरायचे नाही, रात्री तळवे बघायचे. मांडीचे स्नायू भरले की गुडघ्याला आधार मिळतो, आणि अंगावरचा एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. यातले काहीही फॉरवर्ड करण्याजोगे नसल्याने साधकाने ते कुणाला सांगितलेच नाही. नुसतेच करत राहिला, बातम्यांच्या वेळी, आवाज बंद करून.

दिवाळीच्या आधी कपाट आवरताना पट्टा सापडला. गेल्या वर्षी खिळा तापवून त्याला एक जादा भोक पाडले होते, कडेला अजून जळका डाग आहे. साधकाने पट्टा कमरेला लावला आणि अलीकडच्या भोकात अडकवला. मग काट्यावर उभे राहून काकूंना हाक मारली. “ऐंशी,” काकू म्हणाल्या, “आणि चकलीला तेल यंदा तीनच लिटर आणलंय.”