विषय : तुळई वर घेणेबाबत

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, गळक्या गच्चीविषयीची नित्याची तक्रार, कुत्र्यांविषयीची नित्याची प्रतितक्रार आणि टँकरच्या हिशेबाविषयीची नित्याची शंका यांचे वाचन यथासांग पार पडल्यानंतर, यंदा असा एक अर्ज दप्तरातून निघाला की तो वाचताना सेक्रेटरींचा चष्मा दोनदा कपाळावर गेला आणि दोनदा नाकावर उतरला. अर्जदाराची मागणी एवढीच होती की, तळघरातील वाहनतळाच्या तोंडावर जमिनीपासून सात फुटांवर जी काँक्रीटची तुळई आहे, ती सोसायटीच्या खर्चाने सव्वा फूट वर घेण्यात यावी. कारण अर्जदाराचे वाहन तिच्याखालून जात नाही. त्या तुळईच्या डोक्यावर सात मजले उभे आहेत आणि त्यांत आम्ही सर्व राहतो, याचा उल्लेख अर्जात नव्हता.

गेल्या दिवाळीपर्यंत हेच वाहन याच तुळईखालून विनातक्रार ये-जा करीत असे. मध्यंतरी वाढली ती गाडी, खचली नाही ती तुळई. आणि ही वाढ नेमकी कशी झाली याचा तपशील अर्जदाराने, त्याच्या प्रामाणिकपणाला शोभेल अशा रीतीने, अर्जासोबत जोडला होता. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीची उंची सहा फूट. पुढे लिफ्ट किट बसले, त्याचे दोन इंच. मूळची चाके उतरवून थोरली चाके चढवली, त्यांचे पाऊण इंच. टपावर पोलादी कॅरिअर आले, त्याने पाच इंच घेतले. एकूण सहा फूट पावणेआठ इंच. म्हणजे येथवर सव्वाचार इंचांची मोकळीक शिल्लक होती आणि तुळईची अब्रू शाबूत होती. ती गेली ती शेवटच्या कलमाने : कॅरिअरवर उभा आवळलेला एक जेरीकॅन, उंची साडेअठरा इंच.

आता या जेरीकॅनविषयी दोन शब्द अगत्याने लिहिले पाहिजेत, कारण तो काही रस्त्यावरचा साधा डबा नव्हे. त्याचा जन्म 1930 नंतरच्या दशकात जर्मन सैन्यासाठी झाला. त्याच्या पोटात वीस लिटर इंधन मावते. डोक्यावर तीन मुठी असतात, त्या अशासाठी की भरलेला डबा दोघांना मिळून उचलता यावा आणि रिकामे असल्यास एकाच गड्याला एका हाती दोन नेता यावेत. अंगावर जी फुलीची खोल मुद्रा असते ती शोभेची नसून, उन्हाने आतील इंधन फुगले तरी पत्रा फुटू नये म्हणून योजलेली असते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळून जात, म्हणून त्यांनी शत्रूकडून हस्तगत झालेले हे डबे आधी वापरले आणि मग त्यांची हुबेहूब नक्कल करवून घेतली. अशा रणधुरंधर कुळातील हा डबा आज बाणेरच्या एका टपावर चार पट्ट्यांनी जखडलेला आहे, त्याला पितळी कुलूप आहे, त्याचा रंग खाकी आहे, आणि तो रिकामा आहे. तो कधी भरला गेल्याचा पुरावा सभेपुढे आला नाही. अध्यक्षांनी त्याबाबत खुलासा विचारला तेव्हा अर्जदाराने अत्यंत शांतपणे सांगितले की, प्रसंग सांगून येत नाही. कोणता प्रसंग, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही. परंतु गाडीच्या टाकीत साठ लिटर डिझेल मावते, लिटरला दहा किलोमीटर धरले तरी सहाशे किलोमीटरांची बेगमी होते, आणि अर्जदाराची आजवरची सर्वांत दूरची मोहीम जेथे वडापाव खाऊन समाप्त झाली ते लोणावळे पुण्यापासून पासष्ट किलोमीटरांवर आहे, ही गणिते सभागृहात बसल्या बसल्या कित्येकांनी मनातल्या मनात केली असावीत, कारण बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

प्रथम खजिनदारांना कंठ फुटला. डबा उभा न ठेवता आडवा ठेवला तर? आडव्या डब्याची जाडी साडेसहा इंच. फूटपट्टी आणविण्यात आली. तरीही उंची सात फूट सव्वादोन इंच भरते आणि तुळई सव्वादोन इंचांनी आड येतेच, असे निष्पन्न झाले. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण अभियंत्याने अशी तोड सुचवली की, वाळवंटात वाळूवर चाके रुतू नयेत म्हणून जशी टायरमधील हवा निम्म्यावर आणतात, तशी तळघराच्या उतारावर उभे राहून आणावी, म्हणजे इंचभराची बचत होईल, आणि आत शिरल्यावर पुन्हा भरावी. ही सूचना विनोदाने केलेली होती. अर्जदाराने मात्र ती वहीत टिपून घेतली, कारण त्याच्याजवळ याच कामासाठी खरेदी केलेला एक एअर कॉम्प्रेसर आहे आणि त्याला आजपावेतो काम मिळालेले नाही. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या सभेला केवळ चहासाठी येतात असा आमचा समज होता, त्या उठून म्हणाल्या, ‘‘अहो, पण तो डबा खाली काढून डिकीत का नाही ठेवत?’’ सभेत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू आला. अर्जदाराने काकूंकडे सहानुभूतीने पाहिले आणि उत्तर दिले, ‘‘काकू, डिकीत फ्रीज आहे.’’

सभा तहकूब झाली. आम्ही मात्र त्या कॅरिअरचा विचार तहकूब करू शकलो नाही. अशा गाडीच्या टपावर, ती चालत असताना, पाऊणशे ते शंभर किलो वजन ठेवावे अशी मर्यादा बहुधा तिच्या माहितीपुस्तिकेतच छापलेली असते, आणि या मर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते, हा मजकूर वाचण्याइतकी सवड गाडी घेणाऱ्याला नसते. पोलादी कॅरिअर पस्तीस-चाळीस किलोंचे. त्यावर एक फावडे, वाळूतून चाक बाहेर काढण्याच्या दोन रंगीत पट्ट्या, पुरुषभर उंचीचा एक जॅक आणि पुढल्या बाजूला दिव्यांची एक आडवी फळी. म्हणजे वाहून नेण्याची जी काही शक्ती त्या टपाला परमेश्वराने आणि कारखान्याने दिली, ती बव्हंशी कॅरिअरला आणि कॅरिअरच्या दागिन्यांना वाहून नेण्यातच खर्ची पडते; उरल्यासुरल्या शक्तीत एखादी वळकटी मावली असती, परंतु वळकटी बांधली तर कॅरिअरच्या काळ्या रंगावर ओरखडे उठतात, म्हणून ती मागच्या सीटवर कुटुंबाच्या मांडीवर ठेवली जाते. आम्ही टपाचे खरे वैभव पाहिले ते वडापच्या जीपवर. तेथे कांद्याची पोती असत, सायकल असे, कोंबड्यांचे डालगे असे, माहेराहून निघालेली लोखंडी ट्रंक असे, कधी हवालदिल मुद्रेची एक शेळी असे आणि या सर्वांना एक हात लावून बसलेला क्लीनर असे. आणि त्या कॅरिअरचा रंग कोणता होता हे जीपच्या मालकालाही सांगता आले नसते. तो जीपवाला रीतसर जादा भाराबद्दल दंड भरी. शून्य भाराबद्दल दंड ठेवण्याचे कायदा करणाऱ्यांना सुचलेले नाही.

चाकांविषयी थोडक्यात आटोपतो. मूळचे टायर 235/70 आर 16 या मापाचे होते, नवे 265/65 आर 17 या मापाचे आहेत. म्हणजे रुंदी तीस मिलिमीटरने वाढली आणि व्यास सुमारे 735 मिलिमीटरांवरून 776 वर गेला. मोठे चाक एका फेरीत अधिक अंतर काटते, आणि गाडीचा वेगमापक बिचारा जुन्या चाकाच्या हिशेबाने फेऱ्या मोजीत बसतो; सबब त्याच्या काट्याने नव्वद दाखवले तेव्हा गाडी पंचाण्णवने धावत असते. हे टायर चिखलासाठी जन्मलेले आहेत. त्यांच्या ठोकळ्याठोकळ्यांच्या नक्षीमुळे ओल्या डांबरावर रबराचा स्पर्श कमी होतो, ब्रेक उशिरा लागतो, आणि कोरड्या रस्त्यावर असा घोंघाट होतो की अर्जदार गल्लीच्या तोंडाशी आला हे आम्हांस पाचव्या मजल्यावर कळते. लाखभर रुपये खर्चून आणलेल्या या टायरांना चिखल लागू नये म्हणून दर रविवारी काळे पॉलिश केले जाते. चाके अधिक बाहेर दिसावीत म्हणून आतल्या बाजूस स्पेसर घातलेले आहेत, त्यामुळे बेअरिंगवर ताण येतो हे सोडा, ती मडगार्डच्या बाहेर चार बोटे डोकावतात. आणि पावसाळ्यात खड्ड्यातले पाणी मालकाच्या गाडीवर उडवण्याऐवजी बाजूने चालणाऱ्या माणसाच्या धोतरावर, साडीवर आणि शाळेच्या गणवेशावर उडवण्याची त्यांनी उत्तम व्यवस्था केली आहे.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये, नोंदणीच्या दाखल्यातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. आणि 2019 सालच्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या फेरफारास दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तजवीज केली आहे. दर फेरफारामागे, हे शब्द वाचकांनी कृपया पुन्हा वाचावेत. यातले कोणते फेरफार दंडास पात्र आणि कोणते केवळ हास्यास, हे ठरवायला एक स्वतंत्र कारकून नेमावा लागेल. आणि अर्जदाराच्या गाडीची रीतसर मोजदाद झाली तर त्या कारकुनाला दुपारच्या जेवणाची सुट्टी मिळणार नाही. ती होत नाही, कारण चौकात उभा असलेला शिपाई हेल्मेट नसलेल्या दूधवाल्याची चौकशी करण्यात गुंतलेला असतो, आणि एवढ्या उंच गाडीच्या खिडकीशी बोलायचे तर त्याला टाचा उंचवाव्या लागतात.

येथवर हसण्याचा विषय होता. त्या दिव्यांच्या फळीविषयी आम्हांला हसता येत नाही. ती टपावर आहे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या वर आहे, आणि तिचा झोत रस्त्यावर न पडता सरळ माणसाच्या तोंडावर पडतो. ती धुक्यासाठी घेतलेली आहे. ताम्हिणी घाटात जुलैमध्ये धुके असते, हे खरे. परंतु आमच्या गल्लीत मार्च महिन्यात, रात्री साडेनऊ वाजता, महानगरपालिकेचे चार दिवे जळत असताना धुके नसते. तरीही ती फळी लागते. समोरून स्कूटरवर येणारा माणूस क्षणभर आंधळा होतो. त्या क्षणभरात त्याच्यापुढे खड्डा असतो, दुभाजक असतो, हातात पिशवी घेतलेली म्हातारी असते. पदपथ नसल्याने ती म्हातारी रस्त्यावरून चालत असते, आणि पदपथ का नाही, तर तेथे दुसरी एक अशीच गाडी दोन चाके वर चढवून उभी केलेली असते. चढणे हा एकच पराक्रम तिच्या दैवी लिहिलेला असल्यामुळे तो ती रोज संध्याकाळी करते. आम्ही एकदा काच वाजवून अर्जदाराला विचारले. तो म्हणाला, ‘‘काका, मलाही समोरच्यांच्या दिव्यांचा फार त्रास होतो, म्हणून तर मी ही लावली.’’ हा युक्तिवाद नव्हे, ही गुर्मी आहे. ज्या शहरात माणसाला सायंकाळी भाजी आणायला जाताना कपाळावर आडवा हात धरून चालावे लागते, तेथे वाळवंटाची तयारी करून फिरणाऱ्यांना साहसी म्हणण्याची आमची तयारी नाही. बॉनेट इतके उंच झाले आहे की त्याच्या अगदी पुढ्यात उभे असलेले चार वर्षांचे मूल चालकाला दिसत नाही. साहस करते ते मूल.

असो. लिहिण्याच्या भरात स्वर चढला, तो उतरवतो. थंडीत कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन, मज्जाव असूनही ओल्या वाळूत गाडी घालण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, तीतही या सर्व सरंजामाचे तेज कोठे दिसत नाही. भरतीचे पाणी चाकाला लागू लागले की फावडे, पट्ट्या, जॅक आणि डबा जागच्या जागी राहतात आणि गावातला ट्रॅक्टर बोलावला जातो. ट्रॅक्टरवाल्याचे टायर मूळचेच असतात.

गेल्या महिन्यात अर्जदाराच्या घरी नवा पलंग आला आणि जुना त्याच्या सासुरवाडीस, म्हणजे तीन किलोमीटरांवर, पोचवायचा ठरला. पलंगाचे सुटे भाग खाली आणून गाडीशेजारी ठेवण्यात आले. अर्जदाराने कॅरिअरकडे पाहिले, पलंगाच्या टोकदार पायांकडे पाहिले, फडक्याने कॅरिअरचा एक कोपरा पुसला आणि फोन करून टेंपो मागवला. टेंपोवाल्याने अर्ध्या घटकेत सामान टपावर चढवले आणि वरूनच विचारले, ‘‘साहेब, दोर असंल का?’’ अर्जदाराकडे दोर होता. तो नऊ टनांचा ताण सहन करणारा होता, परदेशातून मागवलेला होता, त्याची स्वतःची पिशवी होती आणि ती पिशवी अद्याप उघडलेली नव्हती. अर्जदार क्षणभर डिकीपाशी घुटमळला, मग नाही म्हणाला. तेव्हा टेंपोवाल्याने कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुतळी आणून पलंग बांधला, सुतळीचे वीस रुपये भाड्यात धरले, आणि उलटा जाताना त्याचा आरसा जेरीकॅनला लागणार नाही ना, हे पाहण्यासाठी अर्जदार फाटकापर्यंत टेंपोबरोबर चालत गेला.