फक्त सेल तर बदलायचाय!

मनगटी घड्याळ बंद पडण्याआधी रीतसर नोटीस देते. पुष्कळ क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा एकेक सेकंद चालणे सोडतो आणि दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो. वेळ बरोबरच असते, चाल तेवढी बदलते. मालकाने वेळेत दुकान गाठावे म्हणून कारखानदारांनी केलेली ही सोय. मराठी गृहस्थ तिचा वेगळा उपयोग करतो. दुकानात जायचेच नाही, हा निर्धार पक्का व्हायला त्याला तेवढे दिवस पुरतात.

हिशेब बिनतोड असतो. सेल मिळणार वीस-तीस रुपयांना. कोपऱ्यावरचा घड्याळवाला बदलून द्यायचे शंभर-दीडशे घेणार, आणि काम पाच मिनिटांचे. ही उघड लूट थांबवण्यासाठी गृहस्थ पाचशे रुपयांचा हत्यारांचा संच ऑनलाइन मागवतो. संचात चिमुकले स्क्रूड्रायव्हर, पट्ट्याच्या पिना ठोकायची हातोडी, झाकण फिरवायचा पाना, आणि कशासाठी आहेत हे कुणालाच न कळणाऱ्या बऱ्याच वस्तू असतात. त्या मोजून पाहण्यात पहिला रविवार जातो.

मग झाकण.

घड्याळाची झाकणे मुख्यतः तीन प्रकारची. काही नुसती दाबून बसवलेली असतात. त्यांच्या काठाला एक बारीकशी फट ठेवलेली असते आणि तिथे पाते घालून झाकण उचकटायचे असते. काही आट्यांची, त्यांच्या कडेला खाचा असतात आणि त्यांत पाना अडकवून ती फिरवायची असतात. काही चार इवल्याशा स्क्रूंनी आवळलेली. गृहस्थ मात्र समतेचा पुरस्कर्ता. तिन्ही प्रकारांना तो भाजीची सुरीच लावतो. आट्यांच्या झाकणाशी अर्धा तास झटापट झाल्यावर ते फिरवायचे होते हे त्याच्या ध्यानात येते. तोवर कंपनीच्या खाचांत घरच्या चार खाचांची भर पडलेली असते.

आत जे दिसते ते खरोखर नवलाचे आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. आतली चिप ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत एकावर आणते, आणि त्या एका ठोक्यासरशी बारीकशी मोटर सेकंदकाटा एक घर पुढे सरकवते. 1969 च्या नाताळात सायकोने टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, अ‍ॅस्ट्रॉन, विक्रीला काढले तेव्हा त्याची किंमत 4,50,000 येन होती. तेवढ्यात तेव्हा मोटारगाडी आली असती. आज तेच तंत्र जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या पसरलेल्या पानावर, भुवया कोरायच्या चिमट्यासमोर उघडे पडलेले असते.

चिमटा धातूचा, म्हणजे सेलच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकला की शॉर्टसर्किट. जाणकार म्हणूनच प्लास्टिकचा वापरतात. स्क्रूड्रायव्हरची कथा आणखी वेगळी. मोटरच्या गुंडाळीची तांब्याची तार केसाहून बारीक असते, आणि सेल उचकटताना घसरलेले टोक नेमके तिथेच जाऊन थांबते. तार तुटली की कुठलाही सेल काही करू शकत नाही. गृहस्थाचा निष्कर्ष मात्र तयार असतो: सेल डुप्लिकेट निघाला.

सेलच्या नावांचा घोळ हा तर स्पर्धा परीक्षेचा विषय. 377 आणि एसआर 626 एसडब्ल्यू ही एकाच सेलची दोन नावे. व्यास 6.8 मिलिमीटर, जाडी 2.6. एसआर 621 एसडब्ल्यू दिसायला तसाच, फक्त अर्धा मिलिमीटर पातळ. तो बसतो झकास, पण आत सैल राहतो. एजी 4 मापाने हुबेहूब 377 सारखा, पण अल्कलाइन. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल आपले 1.55 व्होल्ट जवळजवळ अखेरपर्यंत धरून ठेवतो. अल्कलाइनचे व्होल्टेज हळूहळू उतरत जाते आणि गळण्याचा धोकाही जास्त. पण एजी 4 च्या एका कार्डावर दहा सेल मिळतात! तेव्हा निवड झालीच. एक घड्याळात जातो, नऊ ड्रॉवरमध्ये. घरात लहान मूल असेल तर ते नऊ कुलपात जायला हवेत, कारण गिळलेला बटण सेल, विशेषतः लिथियमचा, अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो.

उघडलेले झाकण परत बसत नाही, हा अखेरचा अध्याय. रबराची बारीक कडी खाचेतून निसटलेली असते. ती तशीच चिरडून झाकण दाबले, तर डायलवरचे ‘30 मीटर’ हे शब्द केवळ शोभेपुरते उरतात. एरवीही त्यांचा अर्थ हात धुताना उडालेले पाणी सोसणे एवढाच. पोहण्याशी त्यांचा संबंध नाही. दोन्ही अंगठ्यांनी काम होत नाही, म्हणून कुणी झाकणावर लाटणे ठेवून जोर लावतो. मग काच बोलते.

संध्याकाळी गृहस्थ कोपऱ्यावरच्या काचेच्या पेटीसमोर उभा असतो.

“काका, फक्त झाकण दाबून द्या.”

घड्याळवाला डोळ्याला भिंग लावतो. “घरी उघडलं होतं का साहेब?”

“छे, छे. भाच्याने.”

“भाचा स्वयंपाक करतो वाटतं. सुरीच्या खुणा आहेत.”

रबर नीट बसते, सेल बदलला जातो, प्रेसमध्ये झाकण एका दाबात बसते. आकार तोच, शंभर-दीडशे. काचेचे वेगळे.

पण संचाचे पाचशे वसूल व्हायला हवेत. म्हणून आता वडिलांचे बंद पडलेले ‘एचएमटी जनता’ टेबलावर आले आहे. सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीने 1961 साली बेंगळुरूत मनगटी घड्याळे बनवायला घेतली, तेव्हाच्या परंपरेतले हे घड्याळ रोज चावी दिली की चालते. झाकण निघाले आहे, चाके सुटी झाली आहेत. सेल नेमका कुठे बसतो, याचा शोध जारी आहे.