सुईणबुवा व्हा! नवशिक्या पुरुषांसाठी सहा पायऱ्या

सुईण या शब्दाला पुल्लिंग नाही, म्हणून खचू नका. इंग्रजीतही नव्हते. तिथल्या पुरुषांनी ‘मिडवाइफ’च्या पुढे ‘मॅन’ चिकटवले आणि धंदा सुरू केला. खालील प्रत्येक पायरी युरोपात वापरून झालेली आहे.

1. राजवाड्यातून शिरा. गरिबाच्या झोपडीतून सुरुवात केलीत तर सुईणच राहाल. 1682 साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सुनेचे बाळंतपण ज्युलियाँ क्लेमाँ या पुरुषाने केले. मोठ्या घरी झाले की त्याचा रिवाज होतो आणि रिवाजाची फी दुप्पट घेता येते.

2. एक चिमटा घ्या आणि लपवा. लंडनच्या चेंबरलेन घराण्याकडे अडलेले मूल ओढून काढणारा लोखंडी चिमटा होता. तो त्यांनी शंभराहून अधिक वर्षे गुपित ठेवला. म्हणतात, सोनेरी नक्षीची भली मोठी पेटी दोघे जण उचलून आणत आणि बाळंतिणीचे डोळे बांधत. अडला हरी गाढवाचे पाय धरतो. अडलेल्या बाईला तर पाय कोणाचे धरले हेही दिसू द्यायचे नाही. पुढे 1813 मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात फळ्यांखाली ते चिमटे सापडले.

3. फजिती पचवा. 1670 मध्ये ह्यू चेंबरलेन हे गुपित विकायला पॅरिसला गेला. मोरिसो या प्रसूतितज्ज्ञाने त्याला कटीची हाडे वेडीवाकडी असलेली एक बाई दाखवली. तीन तासांच्या ओढाताणीनंतरही मूल निघाले नाही, बाईही गेली. ह्यूने काय केले? घरी येऊन मोरिसोच्याच पुस्तकाचे भाषांतर छापले आणि प्रस्तावनेत आपल्या गुपिताची जाहिरात केली.

4. बाहुलीवर हात बसवा. विल्यम स्मेलीने लंडनमध्ये चामड्याच्या कृत्रिम बाळंतिणीवर दहा वर्षांत नऊशेंहून अधिक पुरुष शिकवून तयार केले. बाहुली ओरडत नाही, हा तिचा मोठा गुण.

5. सुईणींचे मनावर घेऊ नका. एलिझाबेथ निहेल या सुईणीने 1760 मध्ये पुस्तक लिहून स्मेलीची बाहुली, त्याचे हात आणि तुमची घाई यांची यथेच्छ टिंगल केली. तिचे म्हणणे साधे होते: बहुतेक बाळंतपणांना हत्यार नव्हे, धीर लागतो. असल्या बोलण्याला तुम्ही अडाणीपणा म्हणा.

6. हात धुऊ नका. ही पायरी व्हिएन्नाची. तिथल्या एकाच इस्पितळात दोन प्रसूतिकक्ष होते. 1846 मध्ये डॉक्टर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कक्षात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या कक्षात तीनहून कमी. दुसऱ्या कक्षात जागा मिळावी म्हणून बायका गयावया करत. डॉक्टरमंडळी प्रेतांची चिरफाड करून थेट बाळंतिणीपाशी येत. 1847 मध्ये तिथल्याच सेमेलवाइस या डॉक्टरने त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. वरिष्ठांना मात्र त्याचाच राग आला.

पुरवणी. ब्रिटनमध्ये पुरुषाला बाईसारखेच रीतसर प्रशिक्षण घेऊन सुईण होण्याची पूर्ण मोकळीक 1983 मध्ये मिळाली. तिथे पेटी, गुपित, सोनेरी नक्षी काही चालत नाही. तेव्हा उमेदवारांनो, या पेशाच्या हात धुऊन मागे लागा. पण आधी खरोखरच हात धुवा.