गळपंडित

वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा, पन्नाशीला टेकलेला आणि मोबाइलवर अमेरिकेतली मासेमारी बघून बिघडलेला गृहस्थ आपल्या शहरात हल्ली बऱ्याच गल्ल्यांत सापडतो. सुट्टीच्या दुपारी शहाणी माणसं कूलरसमोर आडवी असतात, तेव्हा हे भाऊ स्कूटरला लांबलचक काठी बांधून पैठण रस्त्याला लागलेले असतात. त्याच दिवशी नळाला पाणी आलेलं असतं, तेही कित्येक दिवसांनी. घरी वहिनी एकट्या पिंपं भरत असतात. भाऊंनाही पाण्याची ओढ आहेच, फक्त पन्नास किलोमीटरवरच्या.

बिडकीन, ढोरकीन मागे टाकून भाऊ धरणाच्या खाली गोदावरीकाठी उतरतात. तिथं पाणी कमी आणि जलपर्णी जास्त. दुसरा कुणी तोंड वाकडं करील. भाऊ हात चोळतात. कारण मरळ अशाच गचपणात दबा धरून बसते.

अमेरिकेत बास नावाचा मासा असाच पाणगवतात लपतो. त्याच्यासाठी निघालेला रबरी बेडूक भाऊंनी ऑनलाइन मागवलाय. त्याच्या गळाची टोकं पाठीला चिकटलेली असतात, म्हणून तो गवतात अडकत नाही. वहिनींना त्याची निम्मीच किंमत माहीत आहे. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीनं दहा किलोंचा बास काढला, हे भाऊ ढोरकीनच्या चहावाल्यालाही ऐकवतात. पेरीच्या घरच्यांनी तो विक्रमी मासा सरळ खाऊन टाकला, एवढाच भाग चहावाल्याला पटतो.

बेडूक पानांवर पडतो, थांबतो, दोन उड्या मारतो. एकदम खळ्ळकन पाणी फुटतं. अशा वेळी लगेच हिसका द्यायचा नसतो, मरळीला घास नीट तोंडात घेऊ द्यायचा, हे भाऊ काठावरच्या प्रत्येकाला शिकवतात. आणि स्वतः असा हिसका देतात की बेडूक थेट मागच्या बाभळीवर.

मग कारणं सुरू होतात. पाणी तापलं. वारा फिरला. अमावास्या जवळ आली. पोरांनी खडे मारले. समोर थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेला भोई मुकाट्यानं जाळं ओढत असतो. त्याच्याकडे कारण एकही नसतं, नुसते मासे.

"साहेब, देऊ का एखादी?" तो दिवस कलताना विचारतो. भाऊ आधी इकडेतिकडे बघतात, मग पाकीट काढतात.

इथं मरळीचा मोठेपणा कामाला येतो. ती हवेतही श्वास घेते. ओल्या गोणपाटात गुंडाळली तर घरी पोचेपर्यंत जिवंत राहते. विकत घेतलेला रोहू काही बोलत नाही, पण त्याचे डोळे सगळं सांगतात. मरळ मात्र घमेल्यात शेपटी आपटून भाऊंच्या बाजूनं साक्ष देते.

वहिनी साक्षीला फसत नाहीत. त्या मरळीचा जबडा उघडून ट्यूबलाइटखाली धरतात.

"अहो, गळाची खूण कुठंय?"

भाऊ पाय धुता धुता म्हणतात, "पैठणला रेडा वेद म्हणाला ते चालतं तुम्हाला. मरळ आपणहून पिशवीत आली, तर लगेच पुरावा पाहिजे!"