दिवसा सूर्य, रात्री कोळसा!

ऐकलंत का? आपल्या मंडळींचं चक्क सूर्याशी सूत जुळलंय! तेही लपूनछपून नाही, भर दुपारी, गच्चीवर, चारचौघांच्या देखत. जिथे कुरडया-सांडगे वाळायचे, तिथे आता काळ्यानिळ्या पॅनेलांनी पथारी पसरलीय. कुरडयांनी जायचं कुठं, हे विचारलं कुणी?

बरं, सरकारचीच फूस! फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, नि मंडळींनी ताळतंत्रच सोडलं. पूर्वी पाहुणे ‘मुलगा काय करतो’ विचारायचे, आता विचारतात, ‘तुमचं किती किलोवॉट?’ चहाचा कप तोंडाला लागायच्या आधी मोबाइलवर ‘काल किती युनिट पडले’ बघणं सुरू. ढग आला की यांचं तोंड उतरतं. पावसासाठी देव पाण्यात ठेवणारा महाराष्ट्र ढगांवर डाफरायला लागला, आता बोला!

‘बिल शून्य आलं’ म्हणून मिरवतात. स्थिर आकार भरावाच लागतो, ते मात्र हळूच गिळतात. आणि लाइट गेली की बघा गंमत! वर रणरणतं ऊन, खाली पंखा ढिम्म. बॅटरी नसेल तर ग्रिड बंद पडताच इन्व्हर्टरही आपण होऊन बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला यांच्या गच्चीवरूनच शॉक बसायचा!

पण खरी भानगड दिवेलागणीनंतरची. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारांत सोडायची, नेट मीटरवर जमा दाखवायची आणि रात्री एसी लावून ढाराढूर झोपायचं. ती रात्रीची वीज येते कुठून? बरीचशी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातूनच की! म्हणजे दिवसा एकाशी, रात्री दुसऱ्याशी. शिव शिव!

गच्चीवाल्यांना तरी काय नावं ठेवायची? अख्ख्या देशाचं हेच चाललंय. २०२५ च्या मध्यावर आपल्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. पेढे वाटले गेले. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून आहे. गणित सोपं आहे. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, चोवीस तास चाललं असतं तर चोवीस दिले असते. क्षमता कागदावर, ऊन घड्याळावर!

उपाय नाही असं नाही. सह्याद्रीत घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प वीज साठवायचंच काम करतो. विजेची मागणी कमी असताना पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज काढायची. दुपारचं ऊन असं रात्रीसाठी साठवायला घाटघरसारखे प्रकल्प नि बॅटऱ्या गावोगाव हव्यात, आणि त्याला रग्गड पैसा लागतो. आणि हे झालं नुसतं विजेचं; ट्रकचं डिझेल नि सिमेंटच्या भट्ट्या तर अजून या बोलण्यात आल्याच नाहीत.

तेव्हा सूर्याशी खुशाल संसार थाटा, आमची ना नाही. फक्त कोळशाशी काडीमोड झाल्याची दवंडी इतक्यात पिटू नका. रात्रीचं ताट अजून त्याच्याच घरी वाढलेलं असतं!