पानांच्या हिशेबाने

मौज प्रकाशनाच्या श्री. पु. भागवतांनी लेखकांकडून खर्डे पुन्हापुन्हा लिहवून घेण्यात हयात वेचली. परंतु मुक्त संपादकाचा मेहनताना पानागणिक मुक्रर करण्याची सांप्रतची तजवीज त्याहून कितीतरी दयाळू म्हटली पाहिजे, कारण तीत परिच्छेद छाटणे म्हणजे आपल्याच मिळकतीवर जप्ती आणणे होय, हे ओळखून तो सुज्ञ गृहस्थ साहित्य महामंडळाच्या १८ नियमांबरहुकूम ऱ्हस्वदीर्घ तेवढे दुरुस्त करतो आणि लेखकाची प्रतिभा अबाधित राखतो. (खर्च लेखकाचा, हे सांगणे नलगे.) याच न्यायाने कोऱ्या पृष्ठांवरही आकार बसवावा, अशी आमची नम्र शिफारस आहे. तूर्त एका कवितासंग्रहास संपादकमहाशयांनी शब्दलाघवाची महती वर्णन करणारी ४० पृष्ठांची प्रस्तावना जोडली असून तिचे बिल वेगळे आहे.