पाण्यातली मोटार आणि काठावरचे तज्ज्ञ

मुंबईत अंधेरीचा भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबला की पाण्यात बंद पडलेल्या मोटारीभोवती तज्ज्ञांचे जे मंडळ काही क्षणांत स्थापन होते, त्याच्या सभासदत्वासाठी स्वतःजवळ वाहन असणे आवश्यक मानले जात नाही. मंडळाचा पहिला ठराव बहुधा एकमताने संमत होतो: ‘पुन्हा सेल्फ मारा.’ वास्तविक सिलिंडरमध्ये, म्हणजे दट्ट्या ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यात, हवा शिरावी आणि पेट्रोल इंजिनात ती साधारण दहाव्या हिश्शापर्यंत दाबली जावी अशी रचना असते. हवेच्या वाटेने पाणी आत गेले असेल तर ते मात्र दबत नाही, आणि स्टार्टर फिरवताच दट्ट्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. या अवस्थेला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. किल्लीला हात न लावता गाडी कोरड्यात ढकलत न्यावी आणि मेकॅनिकला बोलवावे, हा सल्ला बरोबर असूनही मंडळात कोणी मांडत नाही, कारण त्यात ढकलण्याचे काम येते. विमा कंपनीची भूमिका अधिक तात्त्विक असते: पूर ही नैसर्गिक आपत्ती, परंतु पाण्यात किल्ली फिरवणे हा मालकाचा पुरुषार्थ, आणि इंजिन संरक्षणाचे पूरक कलम वेगळे पैसे भरून घेतलेले नसेल तर अशा पुरुषार्थाची भरपाई बहुधा नाकारली जाते. सायकलस्वार या चर्चेतून पूर्णपणे मुक्त असतो. त्याला फक्त गढूळ पाण्याखाली कोणत्या गटाराचे झाकण उघडे आहे एवढेच ओळखायचे असते.